चार दिवस पुरे होतात

माझा नवरा फोनवर बोलतो तेव्हा शेजारच्या गल्लीलाही बातम्या कळतात. त्यात त्याचा दोष नाही म्हणा. आमचं बूट बनवायचं वर्कशॉप आहे, दिवसभर घासणीचं मशीन घरघरत असतं, आणि ऐकलेलं मोठ्याने परत म्हणायचं हा आमच्याकडचा नियम आहे. मी म्हणणार, "डावा पाय जरा रुंद," की तो ओरडणार, "डावा पाय जरा रुंद!" त्यामुळे मापात चूक होत नाही. कारागिरांनी त्याचं नाव भोंगा ठेवलंय आणि त्याला ते आवडतं. आता अशा माणसाला काय बोलायचं!

तर या भोंग्याची मोठी बहीण, आमच्या ताई, त्या शहरात राहतात. शहर कुठलं ते सांगायला नको. तिथला पूल आणि मनोरा निम्म्या घरांच्या कॅलेंडरवर असतो. लग्न होऊन गेल्या त्या गेल्याच. सुरुवातीला एकदोनदा आल्या, मग नेहमी काहीतरी निमित्त. सासूबाई शेवटच्या दुखण्यात "माझी पोर कधी येणार" म्हणून दाराकडे बघत होत्या, तरी ताई आल्या नाहीत. सासूबाई गेल्या, तेव्हाही नाही. फोन केला की भाऊजी उचलायचे. ताई झोपल्यात, ताई बाहेर गेल्यात, ताईंचा घसा बसलाय. भोंगा आतल्या आत कुढत बसायचा. मी तशातली नाही, माझा राग नाकावर असतो. एक दिवस मी सरळ सांगितलं, "वर्कशॉपला कुलूप घाल. आपण तिकडे जाऊ आणि ताईंना चार दिवस का होईना, इकडे घेऊन येऊ. नाही आल्या तर का येत नाहीत ते त्यांच्या तोंडून ऐकून येऊ."

किती दिवस राहायचं यावरून मात्र घोळ झाला. भोंगा म्हणाला आठवडाभर तरी. त्याच्या माहेरी, म्हणजे माझ्या सासरी, पाहुण्याला सोडवतच नाही. निघायच्या वेळी पाहुण्याचा एक बूट गायब करायचा, ही त्या घरची जुनी खोड. पाहुणा एका पायात बूट घालून घरभर फिरतो, सगळे खोखो हसतात आणि मुक्काम एका दिवसाने वाढतो. माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या मामाला असंच अडकवून ठेवलं होतं. तो वैतागला होता, पण अजून सांगत फिरतो.

भाऊजींनी फोनवर आठवडा ऐकला आणि गोड हसले. त्यांची सहलींची कंपनी आहे. कुठल्या पाहुण्याने कुठे किती दिवस राहावं, हे सांगण्यावरच त्यांचं पोट आहे. "चार दिवस पुरे होतात," ते म्हणाले. "दोन दिवसांत आमचं शहर दिसतं, चार दिवसांत कळतं. त्यापुढे पाहुण्याला नको ते दिसायला लागतं." हे वाक्य ते सगळ्यांनाच ऐकवत असणार, इतकं घोटलेलं होतं.

स्टेशनवर ते स्वतः घ्यायला आले. उंच, नीटनेटके, अंगाला मंद वास. भोंग्याला मिठी मारली, माझ्या हातातली बॅग घेतली. घरी पोचेपर्यंत वाटेत किती जणांनी त्यांना हात केला याची गणती नाही. फुलवाला, पोलीस, कोपऱ्यावरचा औषधवाला, सगळे.

घर तिसऱ्या मजल्यावर. आत शिरताच पांढराशुभ्र गालिचा. दाराजवळ बुटांचं कपाट. आम्ही बूट काढले, भाऊजींनी ते उचलून कपाटात ठेवले आणि कपाटाला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

"हे काय?" मी विचारलं.

भोंगा मात्र खूश होऊन ओरडला, "अगं, आपल्या घरची खोड! ताईने शिकवलेली दिसते! भाऊजी, म्हणजे आम्हाला सोडणार नाही तर!"

"सोडणार कसं?" भाऊजी म्हणाले आणि दोघं हसले. मी हसले नाही. कुलूप लावायच्या आधी मला खालच्या फळीवरचे तपकिरी बूट दिसले होते. ते मी बनवले होते, ताईंसाठी, दोन वर्षांपूर्वी, सासूबाई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात, आणि पार्सलने पाठवले होते. बुटाच्या तळाला, बाहेरच्या खोलगट भागात पेन्सिलीने माप लिहायची माझी सवय आहे. ती पेन्सिल एका पावसाळी फेरीत पुसून जाते. ती जशीच्या तशी होती.

ताई आतून आल्या आणि मी आधी त्यांना ओळखलंच नाही. माझ्या लग्नात हीच बाई नाचून नाचून दमली नव्हती. आता गाल आत गेलेले, रंग उडालेला. खिडकीतून ऊन येत होतं तर त्या हात आडवा धरून डोळे किलकिले करत होत्या. भोंग्याने त्यांना जवळ घेतलं आणि तो रडला. त्या रडल्या नाहीत. त्यांनी आधी भाऊजींकडे बघितलं.

"ताई, बूट पायात बसतात ना नीट?" मी विचारलं.

"फार आवडतात तिला," भाऊजी म्हणाले. "जपून वापरते."

जपून म्हणे! बूट काय काचेचे असतात? पण पहिल्याच दिवशी वाद नको म्हणून मी जीभ आवरली. माझ्यासाठी ते सोपं नसतं.

जेवताना भोंग्याने विषय काढला. "ताई, आठवडाभर राहतो आम्ही. आणि जाताना तुला घेऊन जातो."

ताईंचा चमचा थांबला. "चार दिवस पुरे," त्या बशीकडे बघत म्हणाल्या. "कमी राहिलात तरी चालेल. शहर छोटं आहे. उद्या फिरून घ्या आणि परवा निघा."

माझ्या सासरच्या घरात कुणी कधी परक्या माणसालासुद्धा जा म्हटलेलं नाही, आणि इथे सख्खी बहीण सांगत होती. भाऊजींनी ताईंच्या हातावर थोपटलं. "असं काय म्हणतेस? चार दिवस तरी राहू दे त्यांना."

खोलीत आल्यावर भोंगा फुगून बसला. "आपण नकोसे झालोय तिला. उद्याच निघू."

"अरे, डोकं वापर," मी म्हटलं. "तिच्या तोंडून हे येतं म्हणजे काहीतरी शिजतंय. त्या बाईने दोन वर्षांत घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. बूट कोरे आहेत."

"जपून वापरते म्हणाले ना ते."

मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं बूट शिवतोय हा माणूस!

नंतरचे दिवस आम्हाला फिरवण्यात गेले. भाऊजी सकाळी कपाट उघडायचे, आमचे बूट काढून द्यायचे आणि आम्हाला घेऊन निघायचे. पूल, मनोरा, जुन्या राजांचे पलंग, सगळं. बरोबर त्यांच्या कंपनीचे पर्यटक असायचे आणि भाऊजी त्यांना असं काही सांगायचे की माणसं टाळ्या वाजवायची. ताई घरी. "तिने सगळं पाहिलंय," भाऊजी म्हणायचे. मी एकदा म्हटलं, आज मी घरीच थांबते, ताईंशी गप्पा मारते, तर म्हणाले, "वहिनी, तुमच्या नावाने बसमध्ये जागा धरलीय." संध्याकाळी परत आलो की बूट पुन्हा कुलपात, आणि भाऊजी आमच्या तिघांमध्ये बसलेले. मी स्वयंपाकघरात गेले की पाणी प्यायला तेही तिकडेच. ताईंना काही विचारलं की उत्तर तेच द्यायचे.

मग मी मनोऱ्याच्या जिन्यावर पाय मुरगळून घेतला. म्हणजे मुरगळला काही नाही, पण इतकी बोंब मारली की चार परके लोक पाणी घेऊन धावले. घरी मला धरून आणलं. भोंग्याने पाय चोळला. भाऊजींनी नुसतं बघितलं.

दुसऱ्या दिवशी बोटीची सहल होती. "मीही थांबतो," भाऊजी म्हणाले. पण त्यांचे पर्यटक धक्क्यावर वाट बघत होते, फोनवर फोन येत होते, आणि भोंगा बुटांच्या नाड्या बांधून दारात तयार. "चला भाऊजी! तिला काय होतंय, ताई आहे ना!" आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज मला गोड वाटला. भाऊजींनी कपाटाचं कुलूप ओढून बघितलं आणि ते गेले.

जिन्यावरचे पाय ऐकू येईनासे झाले तशी मी उठले आणि ताड ताड चालत स्वयंपाकघरात गेले. ताई गाजरं चिरत होत्या. माझ्या पायाकडे बघून त्यांच्या हातातली सुरी खाली पडली.

"पायाला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "आता बोला."

"कधी जाणार तुम्ही?" त्यांनी विचारलं.

माझा पारा चढला. "अहो ताई, काय लावलंय हे कधीचं! तुमचा भाऊ आतल्या आत रडतोय. आई गेली तेव्हासुद्धा आला नाहीत. आम्ही इतकं काय वाईट केलंय तुमचं?"

त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला घेऊन निघाल्या. बोळाच्या शेवटी, घराच्या मागच्या टोकाला एक दार होतं. मी आजवर ते सामानाच्या खोलीचं समजत होते. दाराला कडी बाहेरून. आत खिडकी नाही. दिव्याला फक्त वायर, बल्ब नाही. जमिनीवर एक गादी, एक जग, एक झाकणाची बादली.

"पाहुणे जितके दिवस राहतात," ताई म्हणाल्या, "तितके दिवस नंतर मी इथे."

मला आधी कळलंच नाही. "कशाला?"

"पाहुण्यांना मी बोलावते असं हे म्हणतात. घर बिघडतं म्हणतात. मग एका दिवसाला एक दिवस. ओरडत नाहीत, हात उगारत नाहीत. कडी लावतात आणि ऑफिसला जातात. मागे मावशीचा मुलगा आला होता, त्याला इथे इतकं आवडलं की जाईचना." त्यांनी गादीकडे बघितलं. "बाहेर आल्यावर मला चालता येत नव्हतं. आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथेच होते. दिवस भरले तेव्हा सांगितलं मला."

आपल्याला कमीत कमी दिवस आत राहावं लागावं म्हणून ही बिचारी सख्ख्या भावाला जा म्हणत होती, आणि मी शहाणी पाय मुरगळल्याचं सोंग करून मुक्काम लांबवत होते! मी त्यांना मिठीत घेतलं तर हाताला नुसती हाडं लागली. मी रडले. आणि मग मला असा संताप आला की तो माणूस समोर असता तर त्याच्या टाळक्यात मी हातोडी घातली असती.

"चला," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता. दाराला कुलूप आहे?"

"पाहुणे असताना लावत नाहीत. पण बूट..."

बूट! बाहेर कडाक्याची थंडी होती, रस्त्यावर बर्फाचा चिखल. पण भोंगा एकाच जोडावर कधी प्रवास करत नाही. भोंग्याचा दुसरा जोड आमच्या बॅगेत होता. मी तो काढला, पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, ताईंना खुर्चीवर बसवून त्यांच्या पायात घातला आणि नाड्या करकचून बांधल्या. माझ्या पायात सपाता. माझं काय, मी अशीच वर्कशॉपमध्ये दिवस काढते. ताईंनी घरातलं काही घेतलं नाही. नुसती आईची शाल खांद्यावर टाकली.

आम्ही जिना उतरलो. ताई कठड्याला धरून एकेक पायरी. शेवटच्या वळणावर मला भोंग्याची आठवण आली. त्याला त्या माणसाबरोबर सोडून जायचं? परतीची तिकिटंही भोंग्याच्याच खिशात. मी फोन लावला.

"फक्त ऐक," मी दबक्या आवाजात म्हटलं. "काही बोलू नकोस."

"फक्त ऐकू? काही बोलू नको?" तिकडून भोंगा गरजला. "बरं, बोल!"

तिथेच मी फोन ठेवायला हवा होता. पण घाईत माणसाला सुचतं थोडंच? "काहीतरी निमित्त काढ आणि एकटा स्टेशनवर ये. मी ताईंना घेऊन निघालेय."

"एकटा स्टेशनवर येऊ? ताईला घेऊन निघालीस?"

मग वाऱ्याचा आवाज आला. मग दुसराच आवाज, अगदी मऊ. "वहिनी, पाय बरा झाला वाटतं. थांबा तिथेच. वाऱ्यामुळे आज बोट सुटलीच नाही. आम्ही कोपऱ्यावरच आहोत."

दरवाजाच्या काचेतून मला ते दिसले. दोघं बरोबर चालत होते. भाऊजींचा हात भोंग्याच्या खांद्यावर होता. औषधवाल्याने दुकानातून भाऊजींना हात केला, भाऊजींनीही केला.

मागे वळले तर ताई पायऱ्या चढत होत्या. उतरताना ज्यांना कठडा लागत होता त्या बाई आता भराभरा चढत होत्या. मी मागे धावले. "ताई! अहो, रस्ता माणसांनी भरलाय! ओरडू आपण, सगळ्यांना सांगू!"

"एकदा ओरडले होते," त्या न थांबता म्हणाल्या. "खिडकीतून. लोक वर आले, आणि त्यांनी यांनाच पाणी दिलं. किती सोसतो बिचारा, म्हणाले. बायको अशी."

घरात शिरल्यावर त्या भिंतीला टेकल्या. ओठ पांढरे पडले होते. "मी जा म्हटलं होतं ना, ते विसर. आता जाऊ नका. यावेळी दिवस मोजून सोडणार नाहीत मला. तुम्ही आहात तोवर कडी लावणार नाहीत. तेवढं तरी राहा गं."

"तुम्हाला घेतल्याशिवाय आम्ही हलत नाही," मी म्हटलं. ते मी मनापासून म्हटलं.

दार उघडलं. आधी भोंगा, गोंधळलेला. "काय गं, स्टेशनवर कशाला बोलवत होतीस? ताईला फिरायला न्यायचं होतं तर मला सांगायचं!" आणि सवयीने बूट काढून त्याने भाऊजींच्या हातात दिले.

भाऊजी ताईंसमोर खाली बसले. गुडघा टेकून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, एकेक बूट हलकेच काढला, कागदाचे बोळे बाहेर काढले, ताईंचे पाय तळहातांनी पुसले. भोंग्याचे डोळे भरून आले. "बघ," तो मला म्हणाला, "किती जपतात तिला."

"अरे मूर्खा," मी ओरडले, "आपण ताईंना घेऊन जाणार आहोत. आज. याच पावली. हा माणूस तिला..."

"जरूर न्या," भाऊजी मध्येच म्हणाले. दोन्ही जोड कपाटात गेले, कुलूप लागलं. "पण घाई कशाला? ती दमलीय, वहिनींचा पाय दुखावलाय. मी म्हणतो, राहाच आता." त्यांनी फोन काढला, ऑफिसला लावला आणि त्यांच्याच कंपनीने काढलेली आमची परतीची तिकिटं रद्द करायला सांगितली. नवीन तारीख विचारली असावी, कारण ते म्हणाले, "ती मग कळवतो."

भोंग्याचा चेहरा उजळला. आल्यापासून ज्याची तो वाट बघत होता ते शेवटी कुणीतरी केलं होतं. राहा म्हणून आग्रह केला होता. "मी म्हणत नव्हतो?" तो मला म्हणाला. "चार दिवसांत काय होतं!"

"ऐक माझं," मी त्याची बाही धरून म्हटलं. "त्या मागच्या..."

"फक्त एक अडचण आहे," भाऊजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "पुढची खोली उद्या दुसऱ्या पाहुण्यांना द्यायचीय. तुमचं सामान मागच्या खोलीत हलवू. लहान आहे, पण तिघांना पुरेल."

"मागच्या खोलीत हलवू!" भोंगा ओरडला. माझा हात झटकून त्याने दोन्ही बॅगा उचलल्या आणि बोळातून तो भाऊजींच्या पुढे चालू लागला, आणि ताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "आत जाऊ देऊ नकोस गं त्याला."